नोकरी, संसार आणि भजनाची पेटी

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने भरलेल्या भजनी मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी तालुका कचेरीतला एक साधा लिपिक आहे. शिक्षण दहावीपर्यंत झाले. शिपाई म्हणून नोकरीस लागलो व बढतीने टेबलाशी बसलो. भाषण करणे हे माझे काम नव्हे. माझे काम आवक-जावक सांभाळण्याचे, आणि कचेरी सुटली की भजनात पेटी धरण्याचे. तरीही समितीच्या वडीलधाऱ्या मंडळींनी सांगितले की, "तुम्ही नोकरी करता, प्रपंच करता आणि भजनही सोडत नाही, हे कसे जमते ते चार पोरांना ऐकू द्या." वडिलांची आज्ञा मोडता येत नाही, म्हणून उभा राहिलो आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कलावंत नाही. कलावंताचे पोट कलेवर चालते आणि माझे पगारावर चालते. आमच्या मंडळात कोणी कारखान्यात कामाला आहे, कोणी शेतकरी आहे, कोणाचे दुकान आहे, कोणी रिक्षा चालवतो. आम्ही सगळे हौसेचे लोक. परंतु गावात बारसे असो, वर्षश्राद्ध असो, सप्ताह असो की यात्रेचा छबिना असो, बोलावणे येते ते आम्हालाच. म्हणजे हौस आमची असली तरी गरज गावाची आहे. ही गरज भागवताना माणसाची कशी ओढाताण होते, हे ज्याच्या हातात टाळ आहे त्याला सांगायला नको. पण जो ऐकायला बसतो त्याला कदाचित ठाऊक नसेल.

आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. माळेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला नाशिककडचे किंवा नांदेडकडचे यात्रेचे माळेगाव आठवते. आपले माळेगाव बुद्रुक म्हणजे उसाचे आणि कारखान्याचे गाव. १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि हा भाग बागायती झाला. पुढे शिवनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आता ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायतही आली. या सगळ्याने गावाला सुबत्ता दिली, त्याबद्दल दुमत नाही. पण भजनाच्या दृष्टीने पाहिले तर गावाचे घड्याळ एक राहिले नाही. पूर्वी दिवेलागण झाली की सगळ्यांचेच काम थांबत असे. आज आमचा पखवाजवादक मित्र कारखान्यात पाळीने काम करतो. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की त्याची एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी आणि एक आठवडा रातपाळी. आमचे एक चाल म्हणणारे गायक शेतकरी आहेत. पाटाला आवर्तन सुटले आणि त्यांची पाण्याची पाळी रात्री दोन वाजता आली, तर एकादशी असो की द्वादशी, त्यांना दारे धरायला जावेच लागते. पाणी काही अभंग संपण्याची वाट पाहत नाही. आणि मी मार्चअखेर वसुलीच्या कामात, निवडणूक आली की निवडणुकीच्या कामात.

आता गंमत पाहा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा असतो, आणि नेमके त्याच दिवसांत दिवाळी, गळीत हंगामाची सुरुवात आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई येते. पहाटे चारला उठून काकड्याला यायचे, साडेसहाला घरी जायचे, आणि पावणेदहाला कचेरीत खुर्चीवर बसायचे. सव्वासहाला कचेरी सुटते. बारामतीहून गावात येईतो सात वाजतात. त्यानंतर जो वेळ उरतो तो पोरांचा, आईवडिलांचा, घरधनिणीचा, आणि त्यातूनच चिमूटभर भजनाचा.

असे करणारे आपण पहिलेच आहोत असे नव्हे. डॉ. वसंतराव देशपांडे हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले आणि त्यातील खाँसाहेबांच्या भूमिकेने ते घराघरांत पोचले. परंतु त्याआधी वर्षानुवर्षे हा माणूस लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत होता. दिवसा आकडे आणि रात्री सूर, असे त्यांनी ऐन उमेदीत काढले. नाट्यगीते गाणारे रामदास कामत हे एअर इंडियात नोकरीस होते. पु. ल. देशपांडे यांना महाराष्ट्र लेखक म्हणून ओळखतो. पण पेटीवर त्यांचा हात किती गोड होता, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना विचारा. या थोरांशी माझी बरोबरी मी करीत नाही. तसे करणे हास्यास्पद होईल. मला इतकेच म्हणायचे आहे की, नोकरी आहे म्हणून सूर सोडलाच पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही.

लिहिलेले काय आहे तेही सांगतो, कारण तो माझ्या धंद्याचा भाग आहे. राज्य सरकारी नोकरांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. सरकारी नोकराला परवानगीवाचून खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. परंतु सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचे मानद काम, तसेच साहित्य आणि कला यांचे प्रासंगिक काम त्याला करता येते. मात्र त्यामुळे सरकारी कामाला बाध येता कामा नये. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. तो सांगतो की, बाबा, गा, वाजव, पण खुर्ची रिकामी ठेवून नको आणि त्याचे दुकान मांडून नको. म्हणून मी पेटीची बिदागी घेत नाही. यात मोठेपणा काही नाही, तो नियमच आहे.

बिदागीचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकतो, कारण गावोगावची भजनी मंडळे मोडली ती सुरावरून कमी आणि पैशावरून जास्त. आमच्या मंडळातही काही वर्षांपूर्वी ही वेळ आली. बाहेरगावच्या एका कार्यक्रमात यजमानांनी खूश होऊन पाच हजार रुपये दिले. परत येताना टेम्पोतच दोन तट पडले. एक म्हणाले, देवाच्या नावाचे पैसे घ्यायचेच नाहीत. दुसरे म्हणाले, आमचा दिवसाचा रोज बुडाला तो कोण देणार? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मला पगार चालू असतो. मी रात्रभर जागलो तरी एक तारखेला पगार होतो. पण रिक्षावाल्याने एक दिवस रिक्षा उभी केली तर त्या दिवशी चूल पेटण्याचा प्रश्न असतो. पगारदाराने रोजंदारीवाल्याला निष्काम भक्ती शिकवणे सोपे आहे. तीन आठवडे टाळ खुंटीला राहिले. लहानपणापासून एका ताटात जेवलेली माणसे रस्त्यात समोरासमोर आली तरी बोलेनात.

तो तंटा मिटवला तो आमच्या म्हाताऱ्या विणेकरी बाबांनी. त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी सप्ताहाच्या पहाऱ्याची यादी काढली आणि सगळ्यांपुढे ठेवली. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, हे आपण जाणताच. एक माणूस सात दिवस उभा राहू शकतो काय? नाही. म्हणून पहारे लावलेले असतात. कोणाचा पहाटेचा, कोणाचा भर दुपारचा, कोणाचा मध्यरात्रीचा. रातपाळीवाल्याला दुपारचा पहारा देतात, शेतकऱ्याला धार काढून झाल्यावरचा देतात. बाबा म्हणाले, "वीणा खाली येत नाही ती कुणी एक जण लई मोठा भक्त हाय म्हणून न्हाय, पुढचा माणूस येळेवर येतो म्हणून. पैशाचं आन् येळंचं बी असंच करा."

तेव्हापासून मंडळात चार नियम झाले. पहिला, गावात कार्यक्रम असेल तर कोणी पैसा मागायचा नाही. यजमानाने नारळ दिला तरी आनंद, नुसता चहा दिला तरी आनंद. दुसरा, बाहेरगावी गेलो आणि यजमानाने स्वखुशीने काही दिले, तर गाडीभाडे वजा जाता ज्यांचा रोज बुडाला त्यांना आधी द्यायचे, उरलेले वाद्यांच्या दुरुस्तीला ठेवायचे, आणि सगळे वहीत लिहायचे. वही माझ्याकडे आहे. कोणीही केव्हाही पाहावी. तिसरा, प्रत्येक वाद्याला दोन माणसे तयार करायची, म्हणजे एकाची पाळी असली तर दुसरा बसेल. चौथा, कोणाच्या घरी आजारपण, परीक्षा किंवा पाहुणे असतील तर त्याने नुसते "आज नाही" म्हणावे. कारण विचारायचे नाही आणि टोमणा मारायचा नाही. हा चौथा नियम सगळ्यांत अवघड गेला, परंतु मैत्री टिकली ती त्यानेच.

आता घराकडे वळतो. भजनी माणसाच्या घरच्या बाईला लोक म्हणतात, "भाग्यवान बाई, नवऱ्याला नाद आहे तो देवाचा." पण रात्री बाराला दार उघडायला तीच उठते, आणि सकाळी डबाही तीच करते. आमच्या घरी एक दिवस स्वच्छ शब्दांत सांगण्यात आले, "तुमची पेटी ऐकायला सारं गाव हाय, पोरीचं गणित ऐकायला कोण हाय?" या प्रश्नाला मंडळाकडे उत्तर नव्हते; उत्तर घरीच काढावे लागले. आमच्याकडे भिंतीवर दिनदर्शिका आहे. वर्ष सुरू झाले की तिच्यावर पहिली खूण घरची होते: मुलांच्या परीक्षा, माहेरची जत्रा, आईला दवाखान्यात नेण्याची तारीख. दुसरी खूण कचेरीची. तिसरी भजनाची. कोणी सुपारी घेऊन आले तर मी हो म्हणत नाही. आत विचारून सांगतो म्हणतो. सुरुवातीला मित्र हसत. आता तेही आत विचारून सांगतात.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे पेटी घरात वाजू लागली. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे शनिवार मोकळा मिळाला. त्या शनिवारी मुलीला पेटीवर बसवले. आज महिला भजनी मंडळात ती पेटीची साथ करते आणि तिची आई टाळ धरते. त्या दोघींचा कार्यक्रम असतो त्या संध्याकाळी घरातले दूध तापवणे, आजीला जेवू घालणे आणि धाकट्याचा अभ्यास हे माझ्याकडे असते. मंडळातील पुरुषांना मी विनंती करतो की, एकदा हा पहारा आपणही करून पाहावा. उशीर झाल्यावर दाराकडे पाहत बसणे म्हणजे काय, ते त्याशिवाय कळत नाही.

आषाढ वारीत तर माझी फारच कुचंबणा होते. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी बारामतीला शारदा प्रांगणात मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पालखी सणसरकडे जाते. सगळे मित्र टाळ घेऊन निघतात. मी मात्र पाण्याचे टँकर, मुक्कामाची जागा, याद्या यांत असतो. पूर्वी मला याचे वाईट वाटे. आता वाटत नाही. दिंडीत चालणाऱ्याला पाणी वेळेवर मिळाले तर तीही साथच आहे. साथसंगतीचा अर्थच असा की, पुढे दुसरा असतो.

आता थोडे वाद्यांबद्दल, कारण मंदिर नवे झाले आहे आणि त्याचा या विषयाशी संबंध आहे. पेटी हे मूळचे आपले वाद्य नव्हे. पॅरिसच्या देबेन नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारण्याची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी हातभात्याची पेटी बनवली. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. पण त्या तीस वर्षांत एकाही गावच्या भजनातून पेटी उठली नाही. लोकांनी जिला आपले म्हटले ती आपली झाली.

या पेटीला ओल सोसत नाही. पावसाळ्यात सूर चिकटतात, भात्याला वाळवी आणि उंदीर लागतात. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. वाजवून झाल्यावर ती नीट खरवडून काढली नाही तर पुडी खराब होते आणि मुंग्या-उंदीर येतात. जुन्या देवळात आपण वाद्ये खुंटीवर आणि कोनाड्यात ठेवत होतो. नव्या सभामंडपात कोनाडे नाहीत. तेव्हा समितीला माझी पहिली विनंती अशी की, जमिनीपासून हातभर उंच, झाकणाचे, कोरडे असे एक कपाट वाद्यांसाठी करून द्यावे.

दुसरी विनंती आवाजाची. जुना सभामंडप लाकडाचा, माळवदाचा आणि सारवणाचा होता. माती आणि लाकूड आवाज पिऊन घेतात. नवा मंडप सिमेंटचा आणि गुळगुळीत फरशीचा आहे. दिसायला फार सुंदर, देणगीदारांचे त्याबद्दल उपकार मानावे तेवढे थोडेच. परंतु अशा फरशीवर आणि स्लॅबवर आवाज आपटून परत येतो, वीस टाळ एकदम वाजले की घुमतात आणि शब्द कळत नाहीत. यावर उपाय महागडा नाही. भजनाच्या वेळी जाड जाजम अंथरावे, मागच्या भिंतीला जाड पडदा सोडावा, आणि कर्ण्याचा आवाज वाढवण्याऐवजी कमी करावा. तसेही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर लावता येत नाही. सरकारने मोजक्या दिवशी रात्री बारापर्यंत सवलत दिली असेल तेवढीच. काकडा तर पहाटेचाच. तेव्हा काकडा कर्ण्याशिवाय म्हणण्याची सवय आपण परत लावून घेऊ. ज्याला ऐकायचे आहे तो चार पावले चालत देवळात येईल.

तिसरी आणि शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देवळे बंद झाली. त्या वर्षी पालखीच्या पादुका पायी नव्हे तर एसटीने पंढरपूरला गेल्या. नोव्हेंबरमध्ये दारे उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या दीड वर्षात आमच्या मंडळातील तीन माणसे गेली. ज्यांनी पहाऱ्याची यादी काढून तंटा मिटवला ते विणेकरी बाबाही गेले. त्यांना साठ-सत्तर जुन्या चाली पाठ होत्या. त्यांतल्या आमच्याकडे निम्म्याही नाहीत, कारण त्या कागदावर नव्हत्या, त्यांच्या गळ्यात होत्या. आम्ही पन्नाशीकडे आलो. तिसरा नियम केला खरा, पण पखवाजाला दुसरा माणूस अजून तयार झालेला नाही. ज्या पोराला चार वर्षे शिकवले तो बँजो पार्टीत गेला. मी त्याला दोष देत नाही. लग्नसराईत त्याला तिथे पैसे मिळतात आणि घरी त्याची गरज आहे. मी त्याला एवढेच सांगितले की, तुला ज्या दिवशी सुपारी नसेल त्या दिवशी ये. तो येतो. महिन्यातून दोनदा का होईना, येतो.

१९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून आलेली माणसे गावोगाव कीर्तन-भजन सांभाळून आहेत. परंतु प्रत्येक मूल आळंदीला जाऊ शकत नाही, आणि प्रत्येकाने महाराज व्हावे असेही नाही. आपल्याला हवी आहेत ती शाळा, कॉलेज, नोकरी, शेती करून आठवड्याला दोन तास देणारी मुले आणि मुली. दर शनिवारी सायंकाळी सहा ते आठ या मंदिरात आम्ही शिकवायला बसणार आहोत. फी नाही. प्रत्येक आळीने आणि प्रत्येक वस्तीने एक तरी मूल पाठवावे. ज्यांनी रोख देणगी दिली त्यांनी पाठवावेच, आणि ज्यांना रोख देणे जमले नाही त्यांनी तर अवश्य पाठवावे. त्यांची देणगी वहीत पहिल्या पानावर लिहीन. परीक्षेच्या महिन्यात मुलाला सुट्टी मिळेल, कारण आमचा चौथा नियम मुलांनाही लागू आहे.

माझे बोलणे लांबले. कोणाला काही लागले असेल तर लहान भाऊ समजून पोटात घालावे.  आज रात्रीच्या जागराच्या पहाऱ्याची यादी दाराशी लावली आहे. रात्री दोन ते तीनचा पहारा अजून रिकामा आहे. ज्यांना जमेल त्यांनी जाता जाता नाव लिहावे.

रामकृष्णहरी.